सोयाबीनवर बोलू, की सगळ्यांचाच राहू?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून तिशीतल्या कलाकाराचं पत्र आलं आहे. ते आपल्या बोलीत विनोदी रील करतात. इन्स्टाग्रामवर चार लाखांच्या आसपास लोक त्यांना बघतात, यूट्यूबवर त्याच्या निम्मे. घर मात्र चालतं जत्रा, गणपती-नवरात्राची मंडळं, दुकानांची उद्घाटनं आणि लग्नातल्या सुपाऱ्यांवर. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. गावातली पोरं पारावर अडवून म्हणतात, “आमी तुला मोठं केलं, आता सोयाबीनच्या भावावर का बोलंना गेलास?” त्यातच स्थानिक निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराच्या माणसानं गाठलंय. दोन रील आणि सभेत दहा मिनिटं, बदल्यात साठ हजार रोख. “पावती-बिवती काही नको, मनानं बोलल्यासारखं बोलायचं.” वडील म्हणतात, कलाकारानं सगळ्यांचं राहावं. मध्यंतरी आरक्षणावर चार ओळी लिहिल्या तर दोन्हीकडून शिव्या आल्या आणि दोन तासांत पोस्ट काढावी लागली. पत्राचा शेवट असा आहे: “बोललो तर पोटावर पाय, गप्प बसलो तर गाव नावं ठेवतंय. कलाकारानं राजकारणावर बोलावं का नाही, एकदाचं सांगून टाका.”

उत्तर

एकदाचं सांगून टाकता येणार नाही, कारण पत्रात तीन वेगळे व्यवहार एकत्र आलेत. सोयाबीनचा भाव हा तुमच्या गावाचा घरोघरचा हिशोब आहे. आरक्षण हा मताचा आणि माणसं तुटण्याचा मामला आहे. साठ हजार ही सरळ जाहिरात आहे, फक्त ती जाहिरात वाटू नये अशी समोरच्याची अट आहे. तिन्हींना राजकारण हे एकच नाव दिलं की ‘बोलू का नको’ एवढंच हातात उरतं. माझं मत आधीच सांगते: सोयाबीनवर बोला, पण तयारी करून. साठ हजार या अटीवर घेऊ नका. आरक्षणावर सध्या रील करू नका.

आधी वडिलांचं म्हणणं बघू. ‘कलाकार सगळ्यांचा’ हे कानाला गोड लागतं, पण आपल्याकडचा इतिहास तसा नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन उभे राहिले, तेव्हा ते सगळ्यांचे नव्हते. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून १४ जानेवारी १९९४ ला नाव बदलेपर्यंत मराठवाड्यात भीमगीतं गाणारे गायक उघड बाजू घेऊन गात होते, तीही अशा काळात जेव्हा त्याची किंमत घरंदारं जळण्यापर्यंत मोजावी लागत होती. पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या सभांमधून आणीबाणीविरुद्ध बोलले. सत्ता बदलली तसे ते परत आपल्या कामाला लागले. बोलून झाल्यावर वाटा मागायला न जाणं हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे, आणि आजकाल नेमका तोच गळतो.

अर्थात वडिलांना इतिहास सांगून उपयोग नाही. त्यांची काळजी तत्त्वाची नाही, पोटाची आहे आणि ती खरी आहे. मंडळाच्या कमानीवर ज्याचा फोटो असतो, बहुतेक वेळा तोच तुमच्या सुपारीचे पैसे देतो. पण याच कारणामुळे तुम्ही आजही ‘सगळ्यांचे’ नाही. मागच्या गणपतीत तुम्ही ज्या स्टेजवर उभे होतात त्यावर कुणाचा बॅनर होता, निवेदकानं तुमच्या हातून कुणाचा सत्कार करून घेतला आणि ते फोटो दुसऱ्या दिवशी कुणाच्या पेजवर गेले, ते आठवून बघा. तोंडातून शब्द न काढता बाजू घेऊन झालेली असते. गप्प राहिल्यानं माणूस वाचतोच असंही नाही. २०२४ च्या डिसेंबरात बीडच्या सरपंच-हत्या प्रकरणावर माध्यमांशी बोलताना एका आमदारानं अभिनेत्री प्राजक्ता माळी यांचं नाव घेतलं. त्या स्वतः त्या विषयावर काहीच बोललेल्या नव्हत्या. शेवटी त्यांना पत्रकार परिषद घ्यावी लागली, महिला आयोगाकडे जावं लागलं, मग आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा ‘आपण बरं, आपलं काम बरं’ हा काही विमा नव्हे.

आता पारावरची पोरं. ‘आमी तुला मोठं केलं’ हे उपकाराचं बोलणं मनावर घेऊ नका. हसू आलं म्हणून त्यांनी बघितलं, त्यात देणं-घेणं नाही. त्यांच्या बोलण्यामागे दुसरी एक समजूत आहे, ती जास्त घातक आहे: तुम्ही बोललात की काहीतरी हलेल. नामवंतांच्या बोलण्यानं मतं फिरतात, भाव फिरतात, हे आपण फार सहज धरून चालतो. २०२४ च्या विधानसभेला रितेश देशमुखांनी लातुरात भावांसाठी प्रचार केला. भाषणाच्या चित्रफिती राज्यभर फिरल्या. निकाल लागला तेव्हा लातूर शहरातून अमित देशमुख निवडून आले आणि लातूर ग्रामीणमधून धीरज देशमुख पडले. एकच घर, एकच जिल्हा, तोच प्रसिद्ध भाऊ. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि मत आपल्या हिशोबानं टाकतात.

मग रीलनं होतं काय? भाव वाढत नाही. एखादा ठरावीक माणूस ठरावीक प्रश्नाचं उत्तर द्यायला भाग पडू शकतो, तेवढं होतं. खरेदी केंद्रावर बारदाना का नाही, नोंदणी करून बसलेल्यांना मेसेज का आला नाही, ओलावा मोजायचं यंत्र एकाच मालाला दोनदा वेगळा आकडा का दाखवतं, अशा प्रश्नांना उत्तर देणारा माणूस जिल्ह्यात बसलेला असतो आणि तोही रील बघतो. ‘शेतकऱ्याला कुणी वाली नाही’ याला उत्तर देणारा कुणीच नसतो, म्हणून असल्या रीलला लाखभर लाइक पडतात आणि एक पोतंही हलत नाही.

म्हणून सोयाबीनवर बोलायचं तर विषय लहान धरा आणि कागद हातात ठेवा. केंद्रानं २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. सरकारी खरेदीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. इथंच बहुतेकांची गाडी घसरते. पावसात भिजलेल्या, १८ टक्के ओलाव्याच्या मालाची पट्टी (आडत्यानं दिलेला विक्रीचा हिशोब) दाखवायची आणि शेजारी ५,३२८ चा आकडा टाकायचा, की एखादा आडत्या दहा मिनिटांत कॉमेंटमध्ये येऊन सगळं खोडून काढतो. त्यानंतर तुमचं खरं बोलणंही खोट्यात जमा होतं. पट्टी दाखवायचीच तर वाळलेल्या मालाची दाखवा. तारीख, वजन, ओलावा, दर, हमाली-तोलाई सगळं वाचता येईल अशी. पोटलीत, म्हणजे नमुना बघून लिलावात, निघालेला भाव सांगू नका, पट्टीवर प्रत्यक्ष लागलेला सांगा. दोन्हींत फरक पडतो आणि बाजारातल्या माणसाला तो लगेच कळतो. एका पट्टीवर भागवू नका. वेगवेगळ्या आडतींवरच्या, त्याच आठवड्यातल्या पाच-सहा पट्ट्या घ्या. शेतकऱ्याचं आणि आडत्याचं नाव, मोबाइल नंबर झाका. ज्याची पट्टी आहे त्याची परवानगी तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. उद्या त्याच आडत्याकडून त्याला उचल घ्यायची असते आणि दबाव आला की तो म्हणेल, मला न विचारता दाखवली.

बोलणं दीड मिनिटाच्या आत बसवा. माल किती दिवस वाळवला, दर किती लागला, हमीभाव किती, फरक किती. मग एकच प्रश्न, तोही नाव घेऊन नव्हे तर पदाला: जिल्हा पणन अधिकारी, बाजार समितीचे सचिव, जो विषय असेल त्याप्रमाणे. ‘व्यापारी चोर आहेत’ हे वाक्य गाळा. ते कुणाबद्दल सिद्ध करता येत नाही, आणि एखाद्याचं नाव जोडलं तर बदनामीचा दावा उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. बोललं ते खरं होतं एवढं सांगून फौजदारी दाव्यातून सुटका होत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. संविधानाच्या कलम १९ नं बोलण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी अशा मर्यादाही लिहिल्या आहेत. ‘माझं मत आहे’ असं सुरुवातीला म्हटलं की सगळं चालतं, हा समज सोडून द्या.

रील तयार झाली की लगेच टाकू नका. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या मताच्या नसलेल्या एका माणसाला दाखवा, शक्यतो आडतीवर मुनीम असलेल्या ओळखीच्याला. तो जिथं हसेल किंवा ‘असं नसतं’ म्हणेल, तिथं दुरुस्ती लागते. पट्ट्यांचे मूळ फोटो आणि न कापलेलं चित्रीकरण वेगळ्या पेनड्राइव्हवर जपा. आकडा चुकला असं नंतर लक्षात आलं तर व्हिडिओ गुपचूप काढू नका. वरच्या पिन केलेल्या कॉमेंटमध्ये चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा दोन्ही लिहा. आरक्षणाच्या पोस्टबाबत नेमकं इथंच बिघडलं. दोन तासांत स्क्रीनशॉट सगळीकडे गेले होते. काढून टाकल्यावर लोकांच्या हातात फक्त स्क्रीनशॉट उरले आणि तुमचं म्हणणं सांगायला जागाच उरली नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते. एखाद्या कृषी सेवा केंद्राची, बियाणं-खताच्या कंपनीची रील पैसे घेऊन केली आहे का? केली असेल तर सोयाबीनच्या व्हिडिओत सुरुवातीलाच सांगा. भावावर बोलताना त्याचा संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. बघणाऱ्याला तसं वाटणार नाही, आणि शोधणारे दोन दिवसांत शोधतात. जुन्या करारांत ‘करार संपल्यावर इतके दिवस वादग्रस्त किंवा राजकीय मजकूर टाकणार नाही’ असं कलम असतं, तेही एकदा वाचून घ्या. बऱ्याच जणांनी सही करताना ते वाचलेलंच नसतं.

आता साठ हजार. ‘पावती नको’ असं का म्हटलं असेल? तुम्हाला वाटेल टॅक्ससाठी. खरं कारण बहुधा उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब आहे. प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा असते. विधानसभेला महाराष्ट्रात ती ४० लाख रुपये आहे, जिल्हा परिषदेची राज्य निवडणूक आयोग ठरवतो. कलाकाराला दिलेलं मानधन त्याच हिशोबात दाखवावं लागतं. रोख दिले, कागद नाही, कलाकार ‘मनानं’ बोलला, म्हणजे हिशोबात काहीच नाही. पैसे त्यांचे वाचतात आणि खोटं तुमच्या तोंडून बोललं जातं. पुढे विरोधी उमेदवारानं तक्रार केली तर ‘आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं’ असं म्हणायला ते मोकळे. आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे कागद नसण्याचा फायदा त्यांना आणि धोका तुम्हाला.

‘आमचे स्टार प्रचारक’ म्हणून कमानीवर तुमचं नाव छापतील, त्यावर जाऊ नका. कायद्यातला स्टार प्रचारक म्हणजे पक्षानं निवडणूक आयोगाला दिलेल्या यादीतलं नाव. लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाला ४० आणि इतर नोंदणीकृत पक्षाला २० नावं देता येतात, आणि उमेदवाराच्या हिशोबातून सूट मिळते ती त्यांच्या प्रवासखर्चाला. चेहरा ओळखीचा आहे म्हणून कुणी स्टार प्रचारक होत नाही.

जाहिरात करणं हे काही पाप नाही. कलाकार तेल, सिमेंट, सोनं विकतात, तसं कुणी उमेदवाराचाही प्रचार पैसे घेऊन करू शकतो. फक्त तो उघड असला पाहिजे. उद्या तुम्हाला एखादा उमेदवार मनापासून पटला आणि त्याचं काम करायचं ठरवलं तर अशी पद्धत ठेवा: उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचं पत्र, पैसे बँकेतून, तुमचं बिल, आणि व्हिडिओत ही सशुल्क जाहिरात आहे असं ठळक लिहिलेलं. इन्स्टाग्राम-यूट्यूबवर पैसे घेऊन केलेला मजकूर तसा आहे असं जाहीर करण्याची सोय आहे आणि ती वापरणं बंधनकारकही आहे. राजकीय जाहिरात असेल तर समाजमाध्यमांवर टाकण्याआधी माध्यम प्रमाणन समितीकडून प्रमाणपत्र लागतं, ही आयोगाची सूचना २०१३ पासूनची आहे. तुम्ही स्वतःहून, पैसे न घेता, आपल्या खात्यावर टाकलेलं मत मात्र या सूचनेनुसार जाहिरात धरलं जात नाही. मनानं बोलल्यासारखं बोलायला सांगण्यात त्यांचा डाव हाच आहे: जाहिरातीला मताचा सदरा चढवायचा.

वेळही सांभाळा. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मध्ये सभांबरोबर गाण्याबजावण्याचे, नाटकाचे, करमणुकीचे कार्यक्रम लावून प्रचार करण्यालाही स्पष्ट मनाई आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. कलाकार इथंच फसतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं, ‘सभा नाही, जागरण-गोंधळाचा कार्यक्रम आहे.’ जिल्हा परिषदेला ही वेळ राज्य निवडणूक आयोगाच्या कार्यक्रमाप्रमाणे असते. तहसील कार्यालयातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या. त्या काळात सुपारी असेल तर स्टेजवर कोण बसणार हे आधी लेखी मागा.

त्या माणसाला नाही म्हणताना लांबण लावू नका. “दादा, निवडणुकीत पैसे घेऊन बोलत नाही, कुणाचंच नाही. पुढच्या जत्रेला बोलवा, येतो.” ‘कुणाचंच नाही’ हे शब्द विसरू नका आणि ते पाळा. पंधरा दिवसांनी दुसऱ्याचे ऐंशी हजार घेतले तर पहिल्याचा राग कायमचा. नकाराचीही किंमत असते, हे खरं. आणीबाणीत सरकारच्या कार्यक्रमाला गायला नकार दिला म्हणून किशोर कुमारांची गाणी आकाशवाणीवर बंद झाली होती. तुमच्या बाबतीत ती किंमत बहुधा एक-दोन मंडळांच्या सुपाऱ्या एवढी असेल. ती परवडते का, याचा हिशोब भावनेवर न सोडता वहीत मांडा. मागच्या वर्षाच्या सुपाऱ्या लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर पैसे शेवटी कुणी दिले ते लिहा: देवस्थान, दुकानदार, लग्नघर, की पुढाऱ्याचं मंडळ. पुढाऱ्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघाला, तर आधी किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा आणि लग्नं-उद्घाटनांची कामं वाढवा, मगच कठीण विषयाला हात घाला. यात भित्रेपणा नाही.

करारही कागदावर आणा. अभिनेते किरण माने यांना २०२२ च्या जानेवारीत मालिकेतून काढलं गेलं. राजकीय पोस्टमुळे काढलं असं ते म्हणाले, वागणुकीमुळे काढलं असं निर्मात्यांकडून सांगितलं गेलं. खरं-खोटं आपण ठरवायला नको. काम कोणत्या कारणानं थांबवता येईल हे आधी लिहिलेलं नसलं की असा वाद मिटत नाही. तुमच्यासाठी अर्धं पानही पुरेल: तारीख, वेळ, मानधन, निम्मा इसार, कार्यक्रम आयोजकानं रद्द केला तर इसार परत नाही, आणि कलाकाराच्या हस्ते कुणाचा राजकीय सत्कार किंवा घोषणा करून घेतली जाणार नाही. या शेवटच्या ओळीवर सुरुवातीला आयोजक हसतील. एक-दोघे सही करणार नाहीत. बाकीचे करतील, कारण त्यांना गर्दी हवी असते.

आरक्षणाबद्दल मी थांबा म्हणाले, त्याची कारणं सांगते. विषय वर्ज्य आहे असं मला वाटत नाही. पण हैदराबाद गॅझेटबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय तुम्ही पूर्ण वाचला आहे का? कुणबी नोंद कशी शोधतात, प्रमाणपत्राची पडताळणी कुठं होते, ओबीसींचा आक्षेप नेमका कशावर आहे, हे कॅमेऱ्यासमोर कागद न बघता सांगता येईल का? येत नसेल तर एका मिनिटाच्या रीलमध्ये उरते ती फक्त जात, आणि बघणारा तुमचं आडनाव बघून आधीच ठरवून बसलेला असतो. दुसरं, तुमच्यासोबत हलगी वाजवणारा, कॅमेरा धरणारा, गाडी चालवणारा यांची घरं वेगवेगळ्या समाजातली असतील. शिव्या तुम्हाला मोबाइलवर पडतील, त्यांना गल्लीत पडतील. त्यांना न विचारता हा विषय घेण्याचा हक्क तुम्हाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे कधी बोलावंसं वाटलं तर दोन्ही बाजूंचे जाणकार समोर बसवून तासाभराची मुलाखत करा. विनोद त्यातून बाहेर ठेवा. निवडणुकीच्या महिन्यात तर नकोच: समाजासमाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि चिडलेल्या वातावरणात साध्या वाक्याचाही तसा अर्थ काढणारे भेटतात.

बोलणं हा एकच मार्ग आहे असंही नाही. मकरंद अनासपुरे आणि नाना पाटेकरांनी २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी काम सुरू केलं आणि त्यातून ‘नाम’ ही संस्था उभी राहिली. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबले. तुमच्या पातळीवर खरेदी केंद्राच्या नोंदणीला सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, आधार आणि बँक पासबुक लागतं, हे आपल्या बोलीत सांगणारी दोन मिनिटांची रीलसुद्धा पुष्कळांचा हेलपाटा वाचवेल. तिला लाइक कमी पडतील, एवढं मात्र धरून चला.

सोयाबीनची रील टाकण्याआधी कॉमेंटची व्यवस्था करून ठेवा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द भरता येतात. जातिवाचक शिव्या, आई-बहिणीवरून शिव्या आणि पत्नीचं व मुलांचं नावही त्यात टाका, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हीकडे, कारण लोक दोन्हींत लिहितात. टीका काढू नका, शिव्या काढा. धमकी आली तर उत्तर देऊ नका. खात्याचं नाव, तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. स्टोरीत आली असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करा, कारण ती २४ तासांत जाते. मग पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. घरासमोर कुणी येऊन उभं राहिलं तर ११२.

शेवटी तुमच्या पत्नी. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात आणि त्यांत राजकारणात व निवडणूक प्रचारात भाग घ्यायला मनाई आहे. नियम त्यांना लागू आहेत, तुम्हाला नाहीत. नवरा बोलला म्हणून बायकोवर आपोआप कारवाई होत नाही. पण तक्रार करणाऱ्याला निमित्त लागतं. त्यांनी तुमची अशी रील शेअर करू नये, स्टेटसला ठेवू नये, शाळेच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नये. त्या कॅमेऱ्यात नकोत आणि कॅमेऱ्यामागेही नकोत. शाळेची भिंत, पटांगण, गणवेशातली पोरं मागं दिसणार नाहीत हे बघा. निवडणुकीत त्यांची मतदान केंद्रावर ड्यूटी लागण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे त्या दिवसांत ही काळजी दुप्पट. तुमचं खातं त्यांच्या मोबाइलवर उघडं असेल तर आजच लॉगआउट करा आणि पासवर्ड बदला. एखाद्या रात्री चुकून त्यांच्या हातून तुमच्या खात्यावरून लाइक किंवा उत्तर गेलं, तर ते कुणाच्या फोनवरून गेलं हे शोधणारे तालुक्यात कमी नाहीत.